भासरे आणि रुसलेली स्क्रीन

आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे यजमानांच्या मोठ्या भावांनी, हात लावलेली वस्तू पुन्हा पहिल्यासारखी झाली असं नालवाडीत कोणी सांगणार नाही. जन्मभर विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केलेला हा माणूस. यंत्र बिघडलं असं ते कधीच म्हणत नाहीत, रुसलं म्हणतात, आणि त्याची समजूत काढायला पेचकस घेऊन बसतात. आमचा छताचा पंखा त्यांनी खोलला तेव्हापासून तो वारा वर फेकायला लागला. "वरची गर्मी पयले निंगून जाऊ दे," म्हणाले, आणि आम्ही उन्हाळाभर ती निघून जायची वाट पाहत घाम पुसला. मी काही बोलले नाही. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. मी समोर उभी असले तरी ते माझ्या मुलीला सांगतात, "रेणू, तुह्या मायले म्हण चहा ठेव," आणि मीही रेणूलाच विचारते, "साखर किती म्हणावं?"

रेणूच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली ती नेमकी पुण्याच्या नोकरीची मुलाखत आली तेव्हा. मुलाखत लॅपटॉपवरच द्यायची होती, मोबाईल चालणार नव्हता. भासऱ्यांनी नवी स्क्रीन मागवली आणि व्हिडिओ पाहून स्वतः बसवली. चित्र आलं! "पाह्य, आली!" म्हणून त्यांनी कौतुकाने लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवला आणि अंधार झाला. स्क्रीनला जोडणारी आतली पट्टी काढून पुन्हा बसवली, पुन्हा उजेड, पुन्हा अंधार. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांचा हात त्या लॅपटॉपवरून निघेना. मुलाखतीची वेळ जवळ आली. रेणू रडकुंडीला आली. "मोठेबाबा, राहू द्या ना आता!"

"काऊन राहू देऊ? एकडाव खोलतो, पाच मिनिटं."

त्यांची पाच मिनिटं आम्हाला ठाऊक होती. खोललं असतं तर नोकरी गेलीच होती. मी दारातून मघापासून पाहत होते. पेचकस घ्यायला त्यांनी हात उचलला, तशी स्क्रीन उजळली. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला माहीत नव्हतं. पदर सावरला आणि बोलले, "हात ठेवू नका तिथं."

भासऱ्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर धरला. उजेड राहिला. हळूच खाली आणला, अंधार. मग त्यांनी मनगटाकडे पाहिलं. सांधे दुखतात म्हणून यात्रेतून घेतलेलं चुंबकाचं कडं! ते काढून दूर फेकलं आणि ओरडले, "अवं, झाकनातही चुंबक रायते! माह्या कड्यानं त्याले वाटून राह्यलं, का झाकन लावलं! स्क्रीन चांगलीच हाय!"

रेणूने मुलाखत दिली. नोकरी लागली. भासऱ्यांनी पेढे वाटताना घरोघरी सांगितलं, "स्क्रीन म्या बसवली, पन बिमारी माह्या भावसुनेनं धरली." एवढं कौतुक माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं. मी चार दिवस आरशात पाहून हसत होते.

आता रेणू पुण्याला असते. रविवारी तिचा फोन आला की ते आधी विचारतात, "स्क्रीन कशी हाय वं?"

"एकदम मस्त, मोठेबाबा. एकदाही बंद नाही पडली."

"पडतच नसते," म्हणून ते छाती फुगवतात. परवा फोन ठेवल्यावर मात्र ओसरीवर जाऊन बसले. मग थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, "जराशी ढिली ठेवाले पायजे होती. दुरुस्तीले तरी घरी आली असती पोरगी."