मामा रोबोट नाहीत

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या बायकोच्या मामांइतका प्रामाणिकपणे चिडणारा माणूस दुसरा नसेल. लोक माणसांवर चिडतात आणि चहा पिऊन मिटवतात. मामा चिडतात ते उत्तर न देणाऱ्या गोष्टींवर. टीव्हीवर हवामानवाली बाई ‘तुरळक पाऊस’ म्हणाली की कुठल्या शिवारात ते सांगा, म्हणून मामा पडद्यासमोर उभे राहतात. बियाण्याच्या पाकिटावर छापलेल्या टपोऱ्या बोंडाला त्यांनी एकदा भर दुकानात ‘खोटं बोलून राह्यला तू’ असं सुनावलं होतं, आणि त्याच दमात दुकानदाराला घरची खुशाली विचारली होती.

त्या वर्षी पाकीट खरंच खोटं बोललं. अळी लागणार नाही म्हणून घेतलेली बीटी कपाशी, आणि बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी निवांत पडलेली. मामांना फक्त एवढंच हवं होतं, की कुणीतरी बांधावर यावं आणि आपल्या डोळ्यांनी पाहावं. पण त्यासाठी तक्रार ऑनलाइन करायची आणि पाहणी होईपर्यंत कपाशी उपटायची नाही, असा नियम. हरभऱ्याची पेरणी तर तोंडावर आलेली. म्हणून मामा पिंपळगाव राजातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले.

फॉर्म भरून झाल्यावर संगणकाने, आपण रोबोट नाही याची खात्री करा, असं फर्मावलं. मी सहज टिक करायला गेलो तर मामांनी माझा हात धरला. त्यांच्या वतीने माणूस व्हायचा अधिकार मला नव्हता. टोपी नीट करून ते स्वतः खुर्चीवर बसले. पडद्यावर नऊ चौकोन आले. त्यांतले झाडं असलेले निवडायचे होते. आता मामांच्या घरी कापूस निवडल्याशिवाय गंजीला लागत नाही. पांढरा स्वच्छ एकीकडे, अळीने खाल्लेली डागी कवडी दुसरीकडे. तोच हात इथे चालला. पूर्ण झाड असलेल्या चौकोनांवरच त्यांनी बोट ठेवलं. कडेला नुसती फांदी डोकावणारे चौकोन मी दाखवले, तर म्हणाले, “जावाईबापू, ते कवडी हाय. चांगल्यात मिसळत नसतात.”

संगणक म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. मग मोटारी आल्या, पूल आले, जिने आले. मामा प्रत्येक वेळी कवडी बाजूला काढत गेले आणि संगणक त्यांना माणसांतून बाजूला काढत गेला. शेवटी ते पडद्यावर ओरडले, “अबे, तुले मायबाप हायेत काय? नाहीत ना? मंग तू मले काऊन इचारून राह्यला?”

मलाही संताप आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही. पाकीट विकताना कुणी मामांकडे माणूस असल्याचा पुरावा मागितला नव्हता. तक्रार करायची म्हटली की मात्र आधी माणूस असल्याचं सिद्ध करा.

मी समजावलं, मामा, याला कवडीसकटच माल लागतो. पडद्यावर पुन्हा झाडं आली. मग मान फिरवून, न बघितल्यासारखं करत, त्यांनी फांद्यांचे चौकोनही दाबले. हिरवी खूण आली. आयुष्यात पहिल्यांदा भेसळ केली आणि मामा माणूस ठरले.

मग ते वाट पाहत राहिले. रोज दाढी करून, धुतलेला सदरा घालून बांधावर जायचे. शेजाऱ्यांचा हरभरा उगवला, मामांच्या शेतात मात्र किडकी कपाशी तशीच उभी. एक दिवस ते दुकानात आले आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, ‘आपल्या शेताची पाहणी पूर्ण झाली आहे.’

“कोणी आलंच नाही, जावाईबापू,” मामा म्हणाले. “आता हे धाडणाऱ्याले इचारता येते काय, का बाबा, तू मानूस हायेस का नाही?”

तशी काही सोय नाही, मी म्हणालो. मामा चिडले नाहीत. त्या दिवशी त्यांनी चिडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक वाळलेलं बोंड काढलं, माझ्या टेबलावर फोडलं आणि हळूच माझ्याकडे सरकवलं.

“तुमी तरी पाहा,” ते म्हणाले.

मी चष्मा लावला आणि पाहिलं. “हो मामा,” मी म्हणालो, “खराब हाय.”