उजव्या हाताची खुर्ची

महादेवी सिस्टर उमेदवाराला आधी प्रश्न कधीच विचारायच्या नाहीत. आधी स्वतःचं सांगायच्या. "मला बीपी हाय, सकाळी गोळी घेते. डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. गुडघा तर बोलूच नका. हां, आता तुमी सांगा." समोरचा पोरगा चक्रावून जायचा. तपासणी आपली आहे की या बाईंची, असा त्याचा चेहरा व्हायचा. पण थोड्याच वेळात तोच पोरगा घडाघडा बोलायला लागायचा.

सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, नोकरीसाठी निवड झालेल्यांची वैद्यकीय तपासणी व्हायची त्या खोलीत, माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. सिस्टरनी आजारांची माहिती विचारून घ्यायची, डॉक्टरांनी तपासायचं आणि मी दाखला टाइप करायचा. मी कारकून माणूस, गर्दी बघितली की माझं डोकं फिरतं. सिस्टरच्या आधी तिथं जे बसायचे ते पाच-सहा जणांना एकदम समोर उभं करून विचारायचे, "साखर? दमा? आकडी? ऑपरेशन?" सगळे मिळून "नाही!" म्हणायचे, शाळेत हजेरी दिल्यासारखे. भरतीच्या क्लासमध्ये पोरांना पढवलेलंच असतं की मेडिकलला काहीही विचारलं तरी नाही म्हणून मोकळं व्हायचं. मला ती पद्धत फार पसंत होती. जेवायच्या सुट्टीपर्यंत रांग खलास!

सिस्टर आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलासमोरची खुर्ची उचलून आपल्या उजव्या हाताला, अगदी खेटून ठेवली. "चांगला कान हिकडं हाय," म्हणाल्या. मधे हिरवा पडदा ओढला. एका वेळी एकच माणूस, तोही कुजबुजत बोलणार. रांग जिन्यापर्यंत जायला लागली आणि मी धुसफुसायला. त्या अक्कलकोटकडच्या, मराठी बोलता बोलता कानडीत कधी शिरायच्या ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. मला म्हणायच्या, "अय्यो अण्णा, थांबू दे की त्यांना. नोकरी जलमाची हाय, वाईच उभं ऱ्हायलं तर पाय मोडत्यात का?" पडद्यामागून कुणी डोळे पुसत बाहेर पडलं की मला राहवायचं नाही. काय सांगत होता तो, असं मी विचारायचो. सिस्टर चष्म्यावरून बघायच्या. "अण्णा, तुमचं तेवढं बोला." बास, विषय संपला.

एका सकाळी श्रीदेवी आली. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली, घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर टॉवेल विणणारे. पोरगी लिपिक म्हणून निवडली गेली होती. सात पिढ्यांत कुणी सरकारी खुर्चीत बसलं नव्हतं, हे वडिलांनी रांगेतल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. पेढ्यांचा पुडा बगलेत तयार! पोरीबरोबर तेही आत शिरायला लागले तेव्हा सिस्टरनी त्यांना नमस्कार केला आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. पडद्यामागून मला नेहमीचं ऐकू आलं, बीपी, कान, गुडघा. मग पोरीचा हुंदका. किती वेळ ती आत होती कुणास ठाऊक, रांगेतून आरडाओरडा सुरू झाला. शेवटी सिस्टर स्वतः तिला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बाहेर येऊन वडिलांना एवढंच म्हणाल्या, "जुने कागद आणा दवाखान्याचे. दाखला आज न्हाय मिळायचा."

त्या माणसाचा चेहरा बघवेना. पेढ्याचा पुडा त्यानं बाकावर आपटला आणि भर व्हरांड्यात तोंड सोडलं. "माझ्या पोरीच्या ताटात माती कालवली ह्या बाईनं! काय पायजे तुला? हात ओले करायला पायजे काय? दुसऱ्यांची पोरं पास, माझीच कशी नापास?" जिन्यावरची माणसं वाकून बघायला लागली. कुणीतरी मोबाइल वर धरला. उभ्या जन्मात ज्या बाईनं कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही, तिला लाचखाऊ म्हणत होता तो! माझं रक्त उकळलं, मी उठलो. सिस्टर मात्र चांगला कान त्याच्याकडे करून सगळं ऐकत उभ्या राहिल्या. त्याचा दम संपल्यावर मला म्हणाल्या, "अण्णा, ह्यांना पाणी द्या. लई लाल झाल्यात."

दुपारी मी त्यांच्यावरच भडकलो. "गप्प का बसलात? काय असेल ते तोंडावर सांगायचं होतं, जागच्या जागी थंड झाला असता!"

"आन जिन्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं असतं की."

"आणि तुमची अब्रू गेली ती?"

"माझं काय जातंय अण्णा? माझं लगीन झालं, नोकरी झाली. तिचं अजून समदं व्हायचंय." डबा उघडून त्यांनी कडक भाकरी मोडली, थोडी चटणी माझ्या झाकणात घातली. "आज लपवून लागली असती, तर रोज भीत भीत हापिसात गेली असती पोरगी. आता ताठ मानेनं जाईल."

जुने कागद आले, डॉक्टरांनी पुन्हा बोलावून नीट तपासलं आणि श्रीदेवीचा दाखला माझ्याकडे टाइप करायला आला. नोकरीस योग्य! तो दाखला मी रांग थांबवून आधी टाइप केला. पण वडील काही सिस्टरकडे फिरकले नाहीत, आणि व्हरांड्यात लागलेला लाचेचा डाग तसाच राहिला. पुढं कुणी ना कुणी कुत्सितपणे म्हणायचंच, "त्या पेढेवाल्याचं काय झालं हो?" सिस्टर हसून सोडून द्यायच्या. मला मात्र झोंबायचं.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून एक बाई उठली आणि सरळ माईकपाशी आली. श्रीदेवी! मोहोळहून रजा टाकून आलेली, मागे वडील.

"मला लहानपणी आकडी यायची," ती माईकवर म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सिस्टर धडपडत उठल्या, शाल खांद्यावरून घसरली. "अगं, सगळ्यांत कशाला सांगती? बस की खाली!" निरोपाच्या दिवशीसुद्धा त्या पोरीची गोष्ट झाकायला धावत होत्या.

"तुम्ही तुमचं आधी सांगितलं होतं की मला," श्रीदेवी म्हणाली. "क्लासवाले, घरचे, सगळे म्हणाले लपव. तुम्ही एकट्या म्हणालात, सांग, मी हाय. माझे वडील तुम्हाला नाही नाही ते बोलले, तरी माझं दुखणं तुम्ही ओठावर आणलं नाही. ते चारचौघांत बोलले होते, म्हणून मी आज चारचौघांतच बोलते."

मी इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारचे साहेब दचकले. असल्या बाईच्या शेजारी आपलं टेबल होतं, या विचारानं छाती भरून आली. म्हणू देत लोक कारकुनाला कसला एवढा तोरा!

तिचे वडील हात जोडून पुढं आले. सिस्टरनी शेजारची खुर्ची ओढून आपल्या उजव्या हाताला घेतली, त्यांना बसवलं आणि चांगला कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. तो माणूस बराच वेळ बोलत होता. काय बोलला, ते मी विचारलं नाही. सिस्टरचं उत्तर मला पाठ आहे, "अण्णा, तुमचं तेवढं बोला."