खालाचं वतन

काल पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, जुनं पुस्तक उघडलं, तर यरीहो शहराच्या गोष्टीच्या पानातून कडुनिंबाचा वाळका पाला खाली पडला. कसर लागू नये म्हणून शेजारच्या मुसलमान खालानं तो ठेवला होता. त्या कडवट वासासरशी मी संतपूरच्या आमच्या ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हा मी नुकतीच मास्तरीण झाले होते. रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायचा धडा मोठ्यानं वाचून पाहत होते. खाला समोर तुरीच्या शेंगा सोलत होती. निजामाचं राज्य गेलं त्या सालच्या दंग्यात ती मुडबीकडचं घर सोडून आली होती, ती परत गेलीच नाही.

इस्राएल लोकांनी शिंगं फुंकली, देवानं यरीहोचा तट पाडला, एक घर सोडून आत कुणालाही जिवंत ठेवलं नाही, आणि तो देश देवानं त्यांना वतन करून दिला. मी अगदी रंगात येऊन वाचत होते. आमच्या शास्त्रात वतन म्हणजे वाट्याला आलेली जमीन. खालाच्या बोलीत वतन म्हणजे आपला मुलूख.

तिचे हात थांबले. "वतन तर पहिलं तिथल्यांचंच होतं न्हाई का, बेटी?"

"ते लोक वाईट होते, खाला. देवानंच तसं सांगितलं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "ज्येनी आमाला हाकलले, त्येबी असंच म्हनायले होते." आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

रविवारी मी तो धडा शिकवला. तट पडला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढं कितीतरी वर्षं शिकवला. खालाचा प्रश्न एकाही मुलानं विचारला नाही. विचारावा असं मी शिकवलंच नव्हतं.