बसल्या जागी सापडणारे अमोनाइट

माझे मामा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे आणि मामा लॅबमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर प्लास्टर ओतून, मेणात एकेक दात बसवून, घासूनपुसून त्यांची कवळी करून द्यायचे. "अर्ध्या गावाचं हसू खोटं आहे, आणि ते मीच केलंय," असं ते म्हणायचे. या धंद्यामुळे म्हणा किंवा जन्मतःच म्हणा, त्यांचा कशावर पटकन विश्वास बसत नसे. बाहेर पडताना दाराचं कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे, पुन्हा वर जाऊन ओढायचे. मामी म्हणायची, "अहो, त्या कुलपालासुद्धा आता अपमान वाटत असेल."

अशा माणसाला छंद लागला तो दगड फोडण्याचा. गावाला लागून समुद्र होता आणि किनाऱ्यावर मातीचे उंच कडे. वादळ झालं की कड्याचा एखादा भाग खाली कोसळायचा, लाटा माती धुऊन न्यायच्या आणि मागे गोल गोटे उरायचे. त्यातला एखादा नेमक्या जागी फोडला की आत अमोनाइट निघायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा हा प्राणी. त्याचं वेटोळं, रेघारेघांचं कवच दगड होऊन जसंच्या तसं राहिलेलं असायचं. मामा ते घरी आणून लॅबमधल्या जुन्या सुयांनी साफ करायचे. "एवढी वर्षं गप्प बसलेला आहे, हा काय मला थापा मारणार?" असं वर म्हणायचे.

रविवारी ओहोटी बघून ते निघायचे आणि सोबत त्यांचे साडू, म्हणजे मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून आम्ही भाचरं त्यांना घड्याळकाका म्हणायचो. दोन साडू म्हणजे एकाच सासऱ्याने पास केलेले दोन विद्यार्थी. जास्त मार्क कुणाला, हा प्रश्न जन्मभर मिटत नाही. किनाऱ्यावर मात्र तो मिटलेला होता. मामांच्या पिशवीत अख्खे अमोनाइट आणि काकांच्या पिशवीत तुकडे, हे वर्षानुवर्षं ठरून गेलेलं होतं. मामांना ते मनापासून आवडायचं.

मग काकांनी दुकान बंद केलं. "हल्ली वेळ मोबाइलवर कळते. घड्याळ कोण दुरुस्त करतंय?" असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचं नशीब फळफळलं.

किनाऱ्यावर होड्या उतरवण्याचा एक जुना, मोडका सिमेंटचा उतार होता. काका गुडघा दुखतो म्हणून त्यावर बसायचे आणि बसल्याबसल्या शेजारच्या खड्यांत हात घालून चाचपत राहायचे. मामा लांबवर वणवण करून परत आले, की काकांच्या मांडीवर एक अख्खा, तळहाताएवढा अमोनाइट असायचा. पहिल्यांदा मामांनी अभिनंदन केलं. दुसऱ्यांदा नुसतं "हं" म्हणाले. तिसऱ्यांदा घरी येऊन हातही न धुता मामीला म्हणाले, "काहीतरी गडबड आहे."

"कसली?"

"माणूस बसल्या जागी अमोनाइट काढतो. ती जागा तर भरतीच्या रेषेच्या वर आहे. तिथं लाट पोचत नाही, मग गोटा कसा पोचला?"

"चालत गेला असेल," मामी म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

त्या दिवसापासून मामांनी साडूंवर डोळा ठेवला. आणि एकदा माणसावर डोळा ठेवला की काय, तो शिंकला तरी त्यात डाव दिसतो. पूर्वी बरोबरीने चालणारे काका आता मामांच्या बरोबर मागे, त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचे. माझ्या जागा हेरतोय, मामांनी नोंदवलं. मामांना काही सापडलं की काका "दाखवा, दाखवा" म्हणून ते हातात घ्यायचे आणि अंगठ्याने कुरवाळत बसायचे, लवकर परत द्यायचे नाहीत. याचं मन चळलंय. भरतीच्या वेळा काका स्वतः बघेनासे झाले होते, "तुम्हीच वाचा" म्हणायचे. कामचुकार. बोलताना तर ते मामांच्या चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत, कानाच्या बाजूला कुठेतरी बघायचे. "ज्याच्या मनात पाप असतं ना, तो नजरेला नजर देत नाही," मामांनी मला स्वतः सांगितलं होतं, आणि मीही मान डोलावली होती.

मामांना वाटलं, साडू हे विकत आणतात. धक्क्यावर शिंपले आणि रंगीत दगड विकणारी एक बाई होती, तिच्याकडे ते गेले.

"इथे एक उंच, बारीक मिशीचे गृहस्थ येतात का? अमोनाइट घ्यायला?"

"माझ्याकडे फक्त शाळेच्या सहलीची मुलं येतात," ती म्हणाली. "तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही, मी साडू आहे."

बाईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मामा एक शिंपला विकत घेऊनच तिथून निघाले.

मग त्यांना वाटलं, अमोनाइट खोटे असतील, कोरलेले. काकांच्या घरी गेले असताना त्यांनी शेल्फवरचा एक उचलून हळूच खिशात टाकला. घरी भिंगाखाली धरला, सुईने टोकरला, नखाने ओरखडला, शेवटी जीभ लावून बघितला. खोटं काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण अमोनाइट अस्सल होता. फक्त त्याच्या खाचांत निळसर राखाडी माती अडकलेली होती. ते जायचे त्या किनाऱ्यावरची माती तांबूस. निळी माती दोन टेकड्यांपलीकडच्या खाडीत होती, आणि तिथली वाट निसरडी म्हणून दोघंही कधी तिकडे जात नसत.

"म्हणजे हा माझ्या नकळत तिकडे जातो," मामा म्हणाले, "आणि इकडे आणून मला वेडा बनवतो."

खरा धक्का त्यांना त्यानंतरच्या बुधवारी बसला. लॅबमधून घरी आले, दारात चप्पल काढायला वाकले, तर पायपुसण्यावर मामीचे जुने बूट. तळव्यांच्या रेघांत निळसर राखाडी माती.

बुधवारी मामी बहिणीकडे जायची. निदान तसं सांगून जायची.

मामा आत आले आणि पाणी प्यायले. मामी सांगते, की त्या आठवड्यात ते इतके गोड वागले, की तिला वाटलं यांना एखादा आजार झालाय आणि हे लपवताहेत. ते तिच्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. घरचा भेदी, एवढाच शब्द त्यांच्या डोक्यात घोळत होता. साडू एक वेळ फसवेल, पण ही?

पुढच्या बुधवारी त्यांनी रजा टाकली. कारण दिलं, दाढदुखी. कवळ्यांच्या लॅबमध्ये सगळे या कारणावर बराच वेळ हसले म्हणे. मामा टेकड्या ओलांडून, निसरड्या वाटेवर दोनदा आपटून, खाडीत उतरले आणि एका मोठ्या दगडाआड बसले.

थोड्या वेळाने दोघी बहिणी आल्या. मामीने पिशवीतून मामांचीच जुनी हातोडी काढली. पाण्याच्या कडेने चालत तिने गोटे उचलले, वजन घेतलं, काही टाकले, एक ठेवला. दगडावर धरून त्याला एकच ठोका दिला. गोटा दोन फाकींत उघडला. मामांना एवढ्या अंतरावरूनही आतलं वेटोळं दिसलं. मामा म्हणतात, की त्या क्षणी राग आधी आला की हेवा, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

"पकडलं!" ते दगडाआडून उभे राहून ओरडले.

धाकटीच्या हातातली पिशवी पडली. मामी मात्र जागची हलली नाही. "ओरडताय काय? भरती यायच्या आत अजून दोन गोटे बघायचेत मला. आणि पँटला मागे केवढी माती लागलीय ती बघा."

"हे काय चाललंय? साडूबुवांचा धंदा तुम्ही दोघी मिळून चालवता?"

"धंदा कसला, भाऊजी," धाकटी म्हणाली आणि खाली बसली. "त्यांना दिसत नाही हो. गेल्या वर्षापासून. कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं धूसर. बघतात त्याच गोष्टीवर डाग पडतो. म्हणून दुकान बंद केलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवा, गेलेलं येणार नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय."

मामा दगडाला वळसा घालून पुढे आले.

"रविवारी हात हलवत घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग ताई म्हणाली, त्यांच्या बसायच्या जागी आपणच एखादा लपवून ठेवू. त्यांना वाटतं, त्यांनाच सापडतात."

"मला का नाही सांगितलं?" मामांनी मामीला विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? 'खरंच दिसत नाही की नाटक करतो, बघतो मी.'"

मामा पँटची माती झटकू लागले. कारण अगदी हेच वाक्य त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

आणि रविवारी त्यांनी ते बघितलंच. स्वभावाला औषध नाही. किनाऱ्यावर एक साधा दगड उचलून ते काकांना म्हणाले, "हा बघा साडूबुवा, काय सुरेख वेटोळं आहे!"

काकांनी मामांच्या कानाजवळ बघत दगड हातात घेतला. अंगठा फिरवला. मग हसले. "हा नुसता दगड आहे. म्हणजे तुम्हाला कळलंय तर."

"कळलं."

"आणि सिमेंटच्या उतारापाशी अमोनाइट ठेवणारे तुम्हीच. मला कधीपासून संशय होता. बायकोला असले नग कुठून मिळणार? म्हटलं, साडू कीव करतायत आणि वर आश्चर्य वाटल्याचं सोंग आणतायत. दर वेळी 'हं' काय, तुटक बोलणं काय! चीड यायची मला तुमची."

"मी? मी ठेवीन? स्वतःला सापडलेला अमोनाइट मी दुसऱ्याला देईन, असं वाटतं तुम्हाला?"

काकांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "तेही खरंच."

मग मामांनी सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं, असं धाकटीचं आजही मत आहे. काका उतारावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात तेव्हा वाटलं, निदान काही तरी माझे असतील. म्हणजे एकही माझा नाही." घरी गेल्यावर त्यांनी शेल्फवरचे सगळे अमोनाइट एका पिशवीत भरले आणि बायकोच्या हाती मामीकडे परत पाठवले. पुढचे कित्येक रविवार ते आले नाहीत.

मामा एकटेच जायचे आणि लवकर परतायचे. मागे कुणी जागा हेरत नसलं की चालण्यात मजा नाही, हे त्यांनी मामीजवळ कबूल केलं. एका संध्याकाळी ते साडूंच्या घरी गेले. गोड बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून दारातूनच म्हणाले, "माझ्याकडे साफ करायचे दगड साचलेत. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला हात आहे तुमचा. रिकामा कशाला ठेवता?"

"आणि मोडला तर?"

"तर मी भांडेन."

काकांनी पहिलाच अमोनाइट मोडला आणि मामा खरोखरच भांडले. "मुद्दाम मोडलात! राग काढलात माझ्यावर!" काकाही ओरडले. मामीने मध्ये पडून दोघांना गप्प केलं आणि तुकडे चिकटवायला बसवलं. पण काका दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि मग येतच राहिले. डाव्या अंगठ्याने रेघ शोधायची, उजव्या हाताने सुई चालवायची. त्यांचं काम सावकाश व्हायचं, पण स्वच्छ व्हायचं. मामा शेजारी बसून त्यांच्या हातावर नजर ठेवायचे.

हवा जरा कोरडी झाल्यावर चौघं मिळून निळ्या मातीच्या खाडीत जाऊ लागली. उतरताना काका उघडपणे मामांच्या खांद्यावर हात ठेवायचे. मामी पुढे, कारण सगळ्यांत चांगली नजर तिची होती, हे आता लपवण्यात अर्थ नव्हता. काका पाण्याजवळ बसून हाताला लागतील ते गोटे उचलायचे, तोलायचे, कानाशी धरून बोटाने टिचकी मारायचे.

अशाच एका दिवशी त्यांनी एक गोटा बाजूला काढला. मामांनी तो बघून सांगितलं, "फेका तो. पोकळ आहे." काका म्हणाले, "नाही फेकणार." स्वतःच त्यांनी त्यावर हातोडी मारली. पहिला घाव बोटावर बसला, दुसरा गोट्यावर. गोटा उघडला. काकांनी आत बोट घातलं आणि वेटोळ्यावरून कडेपर्यंत फिरवलं. मग त्यांनी आपल्या बायकोला हाक मारली, नावानं नाही, नुसतं "अगं" म्हणून. तिने येऊन पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. त्या वर्षात त्या खाडीत निघालेला सगळ्यांत मोठा अमोनाइट होता तो, कडेपर्यंत अखंड.

मामांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला, फुटल्या कडा जुळवून बघितल्या आणि मामीकडे वळले. "कुणी ठेवला हा इथे?"

"कुणी नाही."

"शपथ?"

"फोडलेला नव्हता, अहो! न फोडलेल्या दगडात काय आहे ते मला कुठून कळणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. मामांनी मान्य केला. पण घरी येताना टेकडीवर त्यांनी धाकटीला वेगळं गाठून विचारलं. आणि घरी आल्यावर मामीला पुन्हा विचारलं, हसत, सहज विचारल्यासारखं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तो अमोनाइट काकांच्या घरी टीव्हीशेजारी असतो आणि काका आल्यागेल्याच्या हातात तो देतात. परवा मी मामांना भेटायला गेले होते. उठता उठता त्यांनी मला थांबवलं आणि मामी स्वयंपाकघरात आहे ना, याची खात्री करून घेऊन हळूच विचारलं, "तुझ्याजवळ ती काही बोललीय का कधी?"