पहिल्या फणीचं केळं

आमची सांडोरला केळीची वाडी होती, पण घरात चांगलं केळं कुणी कधी खाल्लं नव्हतं. वाडीवाल्यांची रीतच तशी. घडाच्या वरच्या जाड फण्या बाजाराला, खालची बोटाएवढी केळी घराला. पाहुण्यापुढेही वडील शेवटचीच फणी ठेवायचे आणि वर म्हणायचे, "बारीक केळं गोड असतं." साफ खोटं.

ऐंशी सालाच्या आसपास त्यांचं डोकं सारखं दुखायला लागलं. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला. मीठ कमी करा, गोळी रोज घ्या आणि केळी खात जा, दाबाला बरी असतात. वडील हसतच घरी आले. आईला म्हणाले, "ऐकलंस गं? औषध आपल्या वाडीतच पिकतंय."

तेव्हापासून केळींना पाणी सोडून आले की ते केळं खायचे. अर्थात शेवटच्या फणीतलं. डोकं दुखायचं थांबलं तशा गोळ्या फडताळात पडून राहिल्या. आई मागे लागायची, तर म्हणायचे, "केळं खातोय ना? मग गोळी कशाला?" खारट सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नव्हता, ते वेगळंच. डॉक्टरांच्या बोलण्यातलं सोयीचं तेवढं त्यांनी उचललं. मला त्यांचा अजून राग येतो.

पाऊस सरता सरता ते वाडीत पडलेले सापडले. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं. दवाखान्यातून घरी आणल्यावर आईने बाजारासाठी पिकवलेल्या घडाची पहिली फणी तोडली, केळं कुस्करलं आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी ओठ मिटून घेतले. जड जिभेने म्हणाले, "बाजाराचं हाय ते."

"आज घरचं हाय. खावा," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तरी त्यांनी मान फिरवली. शेवटी तिने बारीक केळं कुस्करलं, ते त्यांनी खाल्लं.

थोड्याच दिवसांत ते गेले. दहाव्याला आईने हट्टाने पिंडाशेजारी पहिली फणी ठेवली. कावळे समोरच्या भेंडीच्या झाडावर बसून राहिले, खाली एकही येईना. भटजी कंटाळले, काका हात जोडून काहीबाही कबूल करत राहिले. मग आई उठली. फणी उचलून घेतली आणि पिशवीतलं एक बोटाएवढं केळं तिथे ठेवलं.

कावळा लगेच शिवला. ती फणी पोटाशी धरून आई खाली बसली आणि मोठ्याने रडली.