ग्लासातलं पाणी

"यात काय आहे?" कुठलीही गोष्ट दाखवली की ती धड न बघताच ते विचारत. मग ती सुताची बॉबिन असो, मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो असो की दादऱ्याच्या बागेतली कारंजी. सिल्वासातल्या आमच्या सूत कारखान्यात ते क्वालिटीचे साहेब होते, मूळचे धुळ्याकडचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याला तुच्छ लेखल्याशिवाय यांना घास उतरत नाही. मला ते कधीच आवडले नाहीत.

नव्वद साल उलटलं आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कंपवात. कँटीनमध्ये त्यांचा कप बशीवर वाजायचा आणि आम्ही माना खाली घालून हसायचो. आम्हीही काही थोर नव्हतो.

तीन-चार वर्षांनी मुंबईत त्यांच्या मेंदूवर ऑपरेशन झालं. परतले तेव्हा हात एकदम स्थिर. मॅनेजरसाहेबांनी सत्कार ठेवला. फुलांपर्यंत ठीक होतं. पण मॅनेजरसाहेबांनी काठोकाठ भरलेला ग्लास त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांना म्हणाले, "देखो, एक बूंद नहीं गिरेगी." थेंब सांडला नाही. सर्कशीतल्या अस्वलासाठी वाजवाव्यात तशा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खाली ठेवा असं कुणी सांगेपर्यंत ते ग्लास धरून उभेच होते.

त्यानंतर ते गाठी आलेलं सूतही पास करू लागले. कामगार खूश. मला वाटलं, सोंग आहे. कौतुकाची चटक लागलीय.

एका रविवारी त्यांच्या पत्नीनं मला डोकमर्डी भागातल्या त्यांच्या खोलीवर बोलावलं. ते खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

"दिवसभर असेच असतात, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "काल नुसते रडले. मुंबईच्या डॉक्टरांनी हात तपासला, म्हणे उत्तम. मनाच्या डॉक्टरला दाखवू का?"

"वेड्यांच्या? वहिनी, कारखान्यात कळलं तर नोकरी जाईल." मग मी त्यांच्याकडे वळलो. "साहेब, हात बरा झाला. आता आणखी काय पाहिजे?"

ते भिंतीकडे पाहतच बोलले. "हात हलायचा तेव्हा निदान राग यायचा. आता काहीच येत नाही. सकाळी वाटतं, जाग आलीच नसती तर बरं."

"मन रमवा," मी म्हणालो. इतकं फालतू वाक्य मी जन्मात दुसरं बोललो नसेन.

वहिनींनी माझं ऐकलं नाही, हे फार बरं झालं. त्याच आठवड्यात त्या त्यांना वलसाडला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. बातमी कारखान्यात पोचली आणि त्याच मॅनेजरसाहेबांनी राजीनामा लिहून घेतला. तेव्हाही मी गप्पच.

काही महिन्यांनी ते कायमचे गावी निघाले. स्टँडवर मी एकटाच गेलो होतो.

"साहेब, त्या दिवशी माझं चुकलं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चुकलंच," ते म्हणाले. आवाजाला जरा पूर्वीची धार होती.

गाडी सुटली. खिडकीतून वहिनींनी हात हलवला. त्यांनी नाही.