बुटातले सात सामने

हिराजी भोईर गेल्याचं मला कल्याणच्या मालधक्क्यावर कळलं. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि मी वॅगनांचे नंबर उतरवून घेत होतो. आमच्या क्लबाचा जुना गोलकीपर विठ्ठल रूळ ओलांडून माझ्याकडे येताना दिसला, तेव्हाच काहीतरी बरं नाही हे समजलं. कामाच्या वेळात विठ्ठल आपली जागा सोडत नाही. "मोजणीदार, दादा गेला," एवढंच तो म्हणाला. पहाटे छातीत कळ आली आणि माजिवड्याहून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. वय चव्वेचाळीस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान... मी हातातला नंबर पुरा लिहिला आणि मग पेन्सिल खिशात ठेवली. त्याला आता सहा आठवडे झाले.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात फुटबॉल बघणाऱ्यांना हिराजी कोण हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आमच्या क्लबाला सगळे 'खाडीवाले' म्हणत, कारण निम्मे खेळाडू मिठागरांवर काम करणारे होते. हिराजी त्यांचा सेंटर फॉरवर्ड होता आणि पुढे खेळता खेळताच मॅनेजर झाला. मी नौपाड्यात राहणारा, फुटबॉलला कधी पाय न लावलेला माणूस. पण प्रत्येक सामन्याची वही ठेवत असे. कोणी गोल केला, कितव्या मिनिटाला, कोणत्या पायाने, सगळं लिहायचो. म्हणून खेळाडूंनी मला 'मोजणीदार' नाव ठेवलं. जमिनीच्या मोजणीला येणाऱ्या माणसावर त्यांच्या गावांत जेवढा विश्वास असतो, तेवढाच माझ्यावर, असं हिराजी सगळ्यांदेखत सांगायचा आणि हसायचा.

तो अनवाणी खेळायचा. तेव्हा बहुतेक जण तसेच खेळत. पण हिराजीचे पाय वेगळे होते. लहानपणापासून मिठागराच्या कोंडीत, म्हणजे मीठ पिकायच्या वाफ्यात, उभं राहून तळवे चामड्यासारखे झालेले, आणि तरी त्या तळव्यांना सगळं कळायचं. कोंडीतलं मीठ कधी ओढायला तयार झालं हे तो पाय टेकवून सांगत असे. तीच सवय मैदानावर. सामन्याआधी गोलच्या समोरच्या जागेत सावकाश फिरायचा, एकेक पाऊल दाबून. चेंडू कुठे उसळेल, कुठे बसेल हे त्याला आधीच माहीत असायचं. बचाव करणारे उसळीची वाट बघत थांबत आणि हा तोवर पोचलेला असे. माझ्या वहीत अनवाणी सामने अठ्ठावन्न आणि गोल एकसष्ट.

मग लीगच्या समितीने ठराव केला की बुटाशिवाय मैदानात उतरायचं नाही. तळाला चामड्याच्या गोट्या ठोकलेले जाड बूट आले. आमच्यातल्या तरुण पोरांना महिन्याभरात सवय झाली. ठाकुर्लीच्या रेल्वे कॉलनीतला जोसेफ तर आधीपासूनच बुटात खेळायचा. अडला तो हिराजी. पहिल्या सामन्यानंतर मैदानाच्या कडेला बसून बुटाची दोरी सोडता सोडता मला म्हणाला, "मोजणीदार, या जोड्यात पाय आंधला होतो. जमीन दिसत नाय." मी ते वहीत लिहिलं नाही. वहीत तशी जागा नव्हती.

बुटातले सामने सात, गोल एक. तोही गुडघ्याने.

हंगामाचा शेवटचा सामना ठाकुर्लीच्या मैदानावर होता. आम्ही खालून दुसरे होतो. बरोबरी झाली तर वरच्या वर्गात राहणार, हरलो तर खाली. खाली गेलेला क्लब परत वर आल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. खेळाडू फुटतात, दुसरीकडे जातात आणि मागे नुसतं नाव राहतं. चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. वही पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. शेवटी मनाशी ठरवलं की हे सांगायला हवं, आणि मॅनेजरला ते सांगणारा दुसरा कोणी नाही.

सामन्याच्या दीड तास आधी मी मैदानावर गेलो. हिराजी एकटाच होता, खांद्याला कापडी पिशवी. मी वही उघडून पान त्याच्यापुढे धरलं आणि आकडे वाचून दाखवले. तुझ्या जागी जोसेफला खेळव, असं मी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती... त्याने पानावरून बोट फिरवलं. त्याला वाचता जेमतेम येत असे, पण आकडे कळत.

"तुजा आकडा कदी चुकलाय?" त्याने विचारलं.

"अजून तरी नाही."

"मंग जोसेफ खेलल."

पिशवी न उघडताच त्याने ती कुंपणाच्या खांबाला टांगली.

अकरा खेळाडू उतरले आणि त्यात हिराजी नाही हे पाहून लोकांत कुजबुज सुरू झाली. विसाव्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला आणि कुजबुजीचा ओरडा झाला. माझ्या शेजारचा माजिवड्याचा एक म्हातारा म्हणाला, मॅनेजर झाला नि पाय इसरला. मागून कोणीतरी मलाच विचारलं, मोजणीदार, कानात काय सांगितलंत त्याच्या? मी वहीत मान घातली. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की टोक मोडलं. जोसेफला दोन संधी मिळाल्या. दोन्ही वेळा तो चेंडूच्या उसळीसाठी थांबला आणि चेंडू उसळलाच नाही.

मध्यंतरात हिराजीने चपला काढल्या. लोक हुर्यो करत होते, आता उतरतोय वाटतं म्हणून काही टाळ्याही पडल्या. तो एकटा पलीकडच्या गोलसमोर गेला आणि तसाच सावकाश फिरला, एकेक पाऊल दाबत. पंच घड्याळ बघत होते. परत येऊन त्याने जोसेफचा दंड धरला आणि जे सांगितलं ते मी दहा हातांवरून ऐकलं. "डाव्या खांबापुढं बारा पावलं जमीन पोकल हाय. तिथं बॉल बसतो. थांबू नको रं, आधी जा."

उरलेला वेळ मी घड्याळाकडे जास्त आणि मैदानाकडे कमी पाहिलं. वीस मिनिटं, पंधरा, दहा. सहा मिनिटं उरली असताना उजवीकडून उंच चेंडू आला, डाव्या खांबापुढे पडला आणि बसला. दोन्ही बचावपटू उसळीसाठी थांबले. जोसेफ थांबला नाही... पुढची सहा मिनिटं विठ्ठलने गोलमध्ये कशी काढली ते त्याचं त्याला माहीत. शिटी वाजली तेव्हा बरोबरी होती.

लोकांनी जोसेफला खांद्यावर घेतलं. हिराजीने खांबावरची पिशवी काढली, मला हाताने खूण केली आणि स्टेशनकडे चालू लागला. त्यानंतर तो खेळला नाही. चार वर्षं मॅनेजर राहिला, क्लब वरच्या वर्गात टिकला. मी वहीत लिहिलं: गोल एक, जोसेफ, डावा पाय. माझा आकडा बरोबर ठरला याचं मला समाधान होतं, हे लपवत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी माजिवड्याला गेलो. हिराजीची बायको चांगुणाबाई ओसरीवर बसली होती. थोडं बोलणं झाल्यावर ती आत गेली आणि तीच कापडी पिशवी घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, ह्ये तुमीच ठेवा. त्यांनी कुनाला हात लावू दिला नाय."

आत बूट होते. एक उलटा करून पाहिला. चवड्याखाली, अंगठ्याच्या जागी, तळ आरपार कापलेला होता. दुसऱ्याचाही तसाच.

"ठाकुर्लीच्या म्याचच्या आदल्या दिवशी कापले," चांगुणाबाई म्हणाली. "कोयत्यानं. घरभर घालून फिरले. म्हनले, आता दिसतंय."

मी कापलेल्या कडा उजेडात धरून नीट पाहिल्या. गोट्यांच्या खाचांत जुन्या सामन्यांची माती वाळून बसली होती. कापलेल्या जागी मातीचा कण नव्हता. कडा जशा कापल्या तशाच धारदार. म्हणजे त्या दिवशी तो हे बूट घेऊन आला होता आणि माझं पान पाहून त्याने पिशवी उघडली नाही. मी सात सामने मोजले होते. आठवा त्या पिशवीत होता... पुढे चार वर्षं आम्ही दर रविवारी भेटत होतो. तो एका शब्दाने बोलला नाही.

चांगुणाबाई चहा ठेवायला आत गेली. मी बूट ओसरीवर सरळ ठेवला, हात आत घातला आणि बोट पुढे सरकवत अंगठ्याच्या जागी नेलं. बोटाला सारवलेली जमीन लागली. गार होती, आणि थोडी ओलसर.